वयाने थोरले, डोक्याने भारी: तरुण विजेत्यांना हरवणारे बॉक्सर

बॉक्सिंग हा तरुणांचा खेळ आहे, असं सगळेच म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पंचविशीत बॉक्सरचे पाय चपळ असतात, नजर तेज असते, मार बसला तरी शरीर लवकर सावरतं. पस्तिशी ओलांडली की लोक ‘आता बस झालं’ म्हणू लागतात. तरीही या खेळाच्या इतिहासात अशा काही लढती आहेत, ज्यात उताराला लागलेल्या बॉक्सरने ऐन जवानीतल्या, सगळ्यांच्या पसंतीच्या प्रतिस्पर्ध्याला आस्मान दाखवलं. मुहम्मद अलींचं नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण त्यांनी किन्शासात नेमकं काय केलं आणि त्यांच्या आधी व नंतर असं कुणी केलं, हे मुलांना नीट सांगता यावं म्हणून आम्ही ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. या विजयांची कडू बाजूही पुढे दिली आहे. ती वाचल्याशिवाय हा लेख अर्धाच राहील.

जर्सी जो वॉल्कॉट: पाचव्या प्रयत्नात यश

अमेरिकेचे जर्सी जो वॉल्कॉट यांचं खरं नाव अर्नोल्ड क्रीम. सहा मुलांचा संसार आणि कायमची पैशांची ओढाताण. हेवीवेट विजेतेपदासाठी ते चार वेळा लढले आणि चारही वेळा हरले. दोनदा जो लुईसकडून, दोनदा एझर्ड चार्ल्सकडून. १८ जुलै १९५१ रोजी पिट्सबर्गमध्ये त्यांना पाचवी संधी मिळाली. समोर पुन्हा चार्ल्सच होता. तो ३० वर्षांचा, तर वॉल्कॉट ३७ वर्षांचे. सातव्या फेरीत वॉल्कॉट यांच्या डाव्या हाताचा एकच हुक चार्ल्सच्या जबड्यावर बसला आणि तो उठलाच नाही. तोवरचे सर्वात वयस्क हेवीवेट विजेते म्हणून वॉल्कॉट यांची नोंद झाली आणि ती चार दशकांहून जास्त काळ टिकली.

किन्शासा, १९७४: अलींची हिकमत

१९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला अलींनी नकार दिला. त्यांचं विजेतेपद काढून घेण्यात आलं आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षं त्यांना रिंगबाहेर काढावी लागली. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांची शिक्षा रद्द केली, पण गेलेली वर्षं परत मिळणार नव्हती. त्याच वर्षी जो फ्रेझरने आणि १९७३ मध्ये केन नॉर्टनने त्यांना हरवलं.

याच फ्रेझर आणि नॉर्टनला जॉर्ज फोरमनने प्रत्येकी दोन फेऱ्यांत गारद केलं होतं. फोरमन २५ वर्षांचा. ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. अली ३२ वर्षांचे. त्यामुळे अली जिंकतील असं म्हणणारे जाणकार थोडेच होते. उलट त्यांना गंभीर दुखापत होईल, ही भीती जास्त होती.

झैरे (आजचा काँगो) देशाची राजधानी किन्शासा येथे ३० ऑक्टोबर १९७४ रोजी पहाटे चारच्या सुमारास लढत सुरू झाली. अली नाचत, पळत लढतील असा सगळ्यांचा अंदाज होता. पहिल्या फेरीत त्यांनी उजव्या हाताचे थेट ठोसे मारून फोरमनला चकवलं. दुसऱ्या फेरीपासून मात्र ते स्वतःहून दोरांना टेकले, हात चेहऱ्यापुढे घेतले आणि फोरमनला मारू दिलं. दोर सैल होते, त्यामुळे अलींना मागे झुकता येत होतं. फोरमनचे बरेचसे ठोसे दंडांवर आणि बरगड्यांवर जात होते. मधूनच अली झटकन दोन-तीन ठोसे लगावत आणि कानाशी त्याला डिवचत. दमट उकाड्यात पाच-सहा फेऱ्यांनंतर फोरमनचे हात जड झाले. प्रेक्षक ‘अली बोमाये’चा घोष करत होते. आठव्या फेरीच्या शेवटी अलींनी दोरांवरून बाहेर येत ठोशांची माळ लावली, शेवटचा उजवा ठोसा बसला आणि फोरमन गोल फिरून खाली कोसळला.

या डावपेचाला पुढे ‘रोप-अ-डोप’ असं नाव पडलं. यात सब्र होता तसाच धोकाही होता, हे विसरू नये. त्या रात्री अलींनी बराच मार खाल्ला.

फोरमन यांचीच पाळी, वीस वर्षांनी

किन्शासात हरलेला तरुण गडी पुढे याच यादीत थोरल्यांच्या बाजूने येऊन बसला. फोरमन यांनी १९७७ मध्ये खेळ सोडला आणि ते ह्यूस्टनमध्ये धर्मोपदेशक झाले. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, ते परतले तेव्हा लोक त्यांच्या सुटलेल्या पोटावर हसले. १९९१ मध्ये ते इव्हँडर होलीफिल्डकडून गुणांवर हरले.

१९९४ मध्ये २६ वर्षांच्या अपराजित मायकल मूररशी त्यांची लढत ठरली. फोरमन तेव्हा ४५ वर्षांचे होते. डब्ल्यूबीए ही संघटना मान्यता द्यायला तयार नव्हती, म्हणून ते कोर्टात गेले आणि तिथे जिंकले. ५ नोव्हेंबरला लास वेगासमध्ये त्यांनी किन्शासातलीच लाल चड्डी घातली होती. त्यांच्या कोपऱ्यात आता अँजेलो डंडी होते. वीस वर्षांपूर्वी हेच डंडी अलींच्या कोपऱ्यात होते!

नऊ फेऱ्यांपर्यंत तिन्ही गुणलेखकांकडे मूरर पुढे होता. पण फोरमन संथपणे डावा हात पुढे टाकत, मूररला आपल्या उजव्या हाताच्या टप्प्यात ठेवत राहिले. दहाव्या फेरीत तो उजवा हात हनुवटीवर बसला आणि लढत संपली. वॉल्कॉट यांचा विक्रम मोडून फोरमन सर्वात वयस्क हेवीवेट विजेते ठरले. मार्च २०२५ मध्ये वयाच्या ७६व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

ड्युरान आणि हॉपकिन्स

पनामाचे रॉबर्टो ड्युरान यांना १९८४ मध्ये थॉमस हर्न्सने दुसऱ्याच फेरीत नॉकआउट केलं होतं. त्या हर्न्सला १९८८ मध्ये आयरन बार्कलेने हरवलं. मग बार्कलेपुढे ड्युरान काय टिकणार, असाच हिशेब होता. पण फेब्रुवारी १९८९ मध्ये अटलांटिक सिटीत ३७ वर्षांच्या ड्युराननी २८ वर्षांच्या बार्कलेला अकराव्या फेरीत खाली पाडलं आणि गुणांवर विजेतेपद घेतलं. ‘अ’ला ‘ब’ने हरवलं म्हणून ‘क’चा निकाल ठरत नाही, हा गणिताच्या तासाला न शिकवला जाणारा धडा.

बर्नार्ड हॉपकिन्स यांनी तरुणपणाची जवळपास पाच वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर, १९८८ मध्ये, पहिलीच व्यावसायिक लढत हरले. पण पुढे त्यांची शिस्त प्रसिद्ध झाली. दारू नाही, अरबट-चरबट खाणं नाही, वजन बारा महिने काबूत. सप्टेंबर २००१ मध्ये ३६व्या वर्षी त्यांनी अपराजित फेलिक्स त्रिनिदादला बाराव्या फेरीत हरवलं. २००८ मध्ये ४३व्या वर्षी २६ वर्षांच्या अपराजित केली पाव्हलिकला गुणांवर मागे टाकलं. २०११ मध्ये ४६व्या वर्षी जाँ पास्कालला हरवून त्यांनी कोणत्याही वजनगटातला फोरमन यांचा वयाचा विक्रमही मोडला.

हे घडतं कसं?

१. वेग आधी जातो, ताकद उशिरा. म्हणून वजनदार गटांत थोरले बॉक्सर जास्त काळ टिकतात. हलक्या गटांत सगळा खेळ वेगाचा, तिथे हे अवघड.

२. तजुर्बा. कुठे श्वास वाचवायचा, कधी मिठी मारून वेळ काढायचा, समोरच्याला कोणती चूक करायला लावायची, हे वर्षानुवर्षांच्या लढतींतून येतं.

३. लढतीची लांबी. अलींच्या काळी विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची होती, आता १२ असते. वाट पाहायला वेळ मिळतो. ऑलिम्पिकमध्ये तीनच फेऱ्या असतात, तिथे वाट पाहणारा हरतो. शिवाय तिथे ४० वर्षांची मर्यादा आहे. याच नियमामुळे मॅनी पॅकियाओंना २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये संधी मिळाली नाही.

४. तरुणाची घाई. सहज जिंकायची सवय लागलेला बॉक्सर लढत लांबली की गोंधळतो. किन्शासात फोरमनचं हेच झालं.

दुसरी बाजू

वर दिलेल्या लढती लक्षात राहिल्या, कारण त्या अपवाद आहेत. नियम वेगळाच आहे. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सविरुद्धच्या लढतीनंतर अलींचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्यांना निवृत्तीचा सल्ला दिला. अलींनी ऐकलं नाही, तेव्हा पाचेको बाजूला झाले. २ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ वर्षांचे अली ३० वर्षांच्या लॅरी होम्सपुढे उभे राहिले. होम्स कधीकाळी त्यांचाच सरावाचा जोडीदार होता. दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर डंडींनी लढत थांबवली. १९८४ मध्ये अलींना पार्किन्सनसदृश आजाराचं निदान झालं. डोक्याला बसलेल्या माराचा त्यात वाटा किती, यावर मतभेद राहिले. पण वारंवार डोक्याला मार बसल्याने मेंदूला कायमची इजा होते, याबद्दल वैद्यकशास्त्राला शंका नाही. हॉपकिन्सही शेवटच्या लढतीत, डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी २७ वर्षांच्या जो स्मिथच्या ठोशांनी दोरांतून रिंगबाहेर पडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांच्या माइक टायसनची २७ वर्षांच्या जेक पॉलशी झालेली लढत आपल्या मुलांनी मोबाईलवर पाहिलीच असेल. तिथेही तरुणच जिंकला.

म्हणून पालकांना आमची एकच विनंती. मुलांना किन्शासाची लढत जरूर दाखवा, पण होम्सविरुद्धच्या लढतीबद्दलही सांगा. पहिल्या लढतीतून कळतं की वयावरून कुणाला मोडीत काढू नये. दुसरीतून कळतं की कधी थांबायचं हेही शिकावं लागतं, आणि थांबायला सांगणाऱ्या माणसाचं ऐकावं लागतं.