उसने घेतलेले पक्षी

कुलचिन्ह म्हणजे वंशावळीचा संक्षेप, असे आपण सहसा गृहीत धरतो. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याची ढाल हे गृहीतक तपासून पाहायला लावते.

क्रॉमवेलचा जन्म १४८५च्या सुमारास लंडनजवळच्या पटनी येथे झाला. वडील वॉल्टर हे लोहारकाम, लोकरीच्या कापडाचे काम आणि मद्यविक्री असे व्यवसाय करीत. लिंकनशायरमध्ये पूर्वी क्रॉमवेल नावाचे एक सरदार घराणे होऊन गेले होते. त्याचे चिन्ह धारण करण्याची सूचना टॉमसने नाकारली, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्याचा अंगरखा घातला तर खरा मालक तो अंगावरून ओढून काढील, हे त्याचे कारण. (इंग्रजीत 'कोट' हा शब्द अंगरखा आणि कुलचिन्ह या दोहोंना लागू पडतो.)

मग त्याने कोणते चिन्ह घेतले? निळ्या ढालीवर तीन सोनेरी सिंह. मध्ये आडवा सोनेरी पट्टा. पट्ट्यावर लाल गुलाब आणि दोन्ही बाजूंना लाल चोचीचे, कावळ्याच्या कुळातील दोन 'चफ' पक्षी. हा गुलाब आणि हे पक्षी कार्डिनल वुल्सीच्या ढालीवरचे. इप्सविचच्या खाटकाचा मुलगा असलेला वुल्सी हा क्रॉमवेलचा धनी. १५२९ साली तो पदच्युत झाला, १५३० साली मरण पावला. त्यानंतरच्या काळात, राजाच्या दरबारात वर चढत असताना, क्रॉमवेलने त्याची खूण उघडपणे मिरवली. रक्ताने न मिळालेला वारसा त्याने सेवेच्या नात्याने जोडला.

परंतु या चिन्हाला आणखी एक पदर आहे. वुल्सीने हे पक्षी घेतले ते आपल्या नावाच्या संताच्या, टॉमस बेकेटच्या, स्मरणार्थ. बेकेटच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या ढालीवर असे तीन पक्षी आहेत. १५३८ साली कँटरबरी येथील बेकेटची समाधी उद्ध्वस्त झाली, तेव्हा राजाच्या धर्मविषयक कारभाराची सूत्रे क्रॉमवेलच्याच हाती होती. संताची समाधी गेली. त्याचे पक्षी मंत्र्याच्या ढालीवर राहिले.

१० जून १५४० रोजी क्रॉमवेलला अटक झाली. फ्रेंच राजदूताच्या वृत्तान्तानुसार, त्याच्या अंगावरची गार्टर या सरदारपदाची मानचिन्हे दरबाऱ्यांनी तिथेच ओरबाडून काढली. २८ जुलैला त्याचा शिरच्छेद झाला. दुसऱ्याचा अंगरखा त्याने टाळला होता. स्वतः मिळवलेलाही टिकला नाही, कारण तो देणारा राजाच त्याचा खरा मालक होता.