रिकामी जागा गाणाऱ्याची



हळदीला, गणपतीच्या मांडवात, महिला दिनाच्या कार्यक्रमात हल्ली माईक जोडलेला स्पीकर येतो. मोबाईलवर गाण्याचं नुसतं संगीत लावायचं आणि शब्द आपण म्हणायचे. यालाच कराओके म्हणतात. माईक हातोहात फिरायला लागला की बायकांचे दोन गट पडतात. काहीजणी पुढे सरसावतात, तर काहीजणी ‘अगं नको बाई, माझा कुठला आलाय आवाज’ म्हणत मागच्या रांगेत सरकतात. हे यंत्र आलं कुठून, आणि त्याच्यापुढे एकीला हुरूप तर दुसरीला धडकी का, ते आज बघू.

कराओके हा जपानी शब्द आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामं, आणि ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्रा या शब्दाचा तुकडा. वाद्यं सगळी हजर, गाणाऱ्याची जागा तेवढी रिकामी.

१९६७ साली टोकियोत शिगेइची नेगिशी नावाचे कारखानदार होते. त्यांच्याकडे मोटारीतले टेप बनत. गाणं म्हणत कामावर यायची त्यांना सवय होती. त्यावरून एका सहकाऱ्याने त्यांची चेष्टा केली. नेगिशींच्या मनात आलं, मागे संगीत असतं तर माझं गाणं बरं वाटलं असतं! त्यांनी टेपला माईक जोडून घेतला आणि ते यंत्र घरी नेलं. बायकोमुलांनी गाऊन पाहिलं, स्वतःचा आवाज पेटीतून येतोय म्हणून मुलगी चकित झाली. पुढे विक्रीची वेळ आली तेव्हा कराओके हे नाव काही चाललं नाही. जपानीत शवपेटीला ‘कानओके’ म्हणतात, आणि दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात. म्हणून यंत्राचं नाव ठेवलं ‘स्पार्को बॉक्स’.

या यंत्राने काहींच्या पोटावर पायही आला. तेव्हा जपानच्या बारमध्ये गिटार घेऊन फिरणारे वादक असत. गिऱ्हाईक गायचं, ते साथ करायचे आणि दोन पैसे मिळवायचे. पेटी आल्यावर त्यांचं काम जाऊ लागलं, ते चिडले. आपल्याकडे पिठाची चक्की आली तेव्हा दुसऱ्यांची दळणं दळून पोट भरणाऱ्या बायकांवर अशीच वेळ आली होती.

गंमत अशी, की ज्यांचं नाव कराओकेशी सगळ्यात जास्त जोडलं जातं ते दाइसुके इनोउए स्वतः असेच साथीदार होते. ते कोबे शहरात बारमध्ये वाजवायचे. त्यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण गिऱ्हाईक जसं गाईल तसं ते मागे मागे जायचे. तो अडला की थांबायचे, वर जाईना की खाली उतरायचे. त्यामुळे बेसूर माणूसही सुरात वाटायचा. एका कंपनीच्या मालकाला गावाला जाताना त्यांची साथ हवी होती. इनोउएंना जाणं जमेना, म्हणून त्यांनी त्या मालकाला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातूनच त्यांना कल्पना सुचली. १९७१ साली त्यांनी ११ यंत्रं करून बारना भाड्याने दिली. १०० येनचं नाणं टाकलं की संगीत सुरू. त्याचं पेटंट मात्र ना नेगिशींनी घेतलं, ना इनोउएंनी.

इनोउएंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गाणारा वाईट नसतो, बरेचदा पट्टी चुकीची असते. भजनी मंडळात पेटीवाला आधी विचारतो, ‘कुठल्या पट्टीत घेऊ?’ मोबाईलवरचा ट्रॅक असं विचारत नाही. तो मूळ गायिकेच्या पट्टीतच वाजतो. लताबाईंच्या उंच पट्टीत आपला गळा चढला नाही, की आपण गळ्यालाच दोष देतो. दुसरी गोष्ट स्पीकरची. स्वतःचा आवाज आपण एरवी कानाने ऐकतो तसा डोक्याच्या हाडांतूनही ऐकतो, म्हणून तो भरदार वाटतो. स्पीकरमधून तो फक्त हवेतून येतो. मग तो परका वाटतो आणि आपण दचकतो. इतरांना मात्र तो नेहमीचाच वाटत असतो.

पण सगळ्यात मोठी भीती असते ती ऐकणाऱ्याची. सुरुवातीची कितीतरी वर्षं कराओके बारमध्येच होतं. पुढ्यात दारू, भोवती परके लोक, आणि गाणारे बहुतेक नोकरदार पुरुष. मग १९८५च्या सुमारास ओकायामा भागात कुणीतरी मालवाहतुकीचा जुना कंटेनर घेतला आणि त्यात गाण्याची खोली केली. आत आपलीच माणसं, दार बंद, भाडं तासावर. अशा खोल्या देशभर निघाल्या आणि विद्यार्थिनी, गृहिणी, लेकरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं मोकळेपणाने गाऊ लागली. गळे तेच होते, फक्त ऐकणारं माणूस बदललं. पुढे तर एकट्या माणसाने गाण्यासाठीही खोल्या निघाल्या.

उलटही घडतं. कचेरीच्या मेजवानीत साहेबाने माईक हातात दिला तर नाही म्हणणं जपानमध्ये अवघड. तिथे कराओके म्हणजे करमणूक राहत नाही, ती हजेरी होते.

आता आपल्या जात्याकडे बघा. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, एक ओवी उचलायची आणि दुसरी साथ द्यायची. समोर परीक्षक कुणी नव्हता. ‘तुझा आवाज चांगला नाही’ असं जात्यावर कुणी म्हणत नसे. म्हणूनच भावाची ओढ, सासरचा जाच, विठ्ठलाशी भांडण, सगळं तिथे बोलता आलं. हेमा राईरकर, गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायका कुठल्या स्पर्धेत निवडलेल्या नव्हत्या. शेतात राबणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या आपल्यासारख्याच होत्या.

चक्की आली, हाताचे घट्टे गेले, ते बरंच झालं. पण जात्याबरोबर ती ऐकणाऱ्याला न घाबरता गायची जागाही गेली. म्हणून पुढच्या वेळी गटात माईक आला, तर एवढं करा. ट्रॅकची पट्टी खाली घेता येते, ती घ्या. पहिलं गाणं दोघी-तिघींनी मिळून म्हणा. ऐकताना मोबाईलवर चित्रीकरण करू नका, आणि जिला नकोच असेल तिच्या हातात माईक कोंबू नका. तिला टाळ द्या, नुसतं शेजारी बसू द्या. तिसऱ्या गाण्याला ती आपणहून गुणगुणू लागली, तर वळून बघू नका. गाऊ द्या.