कापडाचा रंग आणि मेंदूंतील धमन्या

वैद्यकशास्त्राच्या इतिहासांत कित्येक रोग असे आहेत कीं, त्यांचें खरें दर्शन रोगी गेल्यावरच व्हावें. मेंदूंतील रक्तवाहिन्यांचा जो विकार या लेखाचा विषय आहे, तो त्यांपैकींच एक होय. हिंडतेंफिरतें वृद्ध माणूस एके दिवशीं बोलतां बोलतां अडखळतें, त्याचा एक हात लुळा पडतो आणि तपासणींत मेंदूंत रक्तस्राव झाल्याचें आढळतें. रक्तदाब वाढलेला नसतो; डोक्यास मारही लागलेला नसतो. अशा पुष्कळ प्रसंगीं मूळ कारण असतें तें मेंदूच्या पृष्ठभागाजवळील बारीक धमन्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षें सांचत आलेलें एक प्रथिन. तें सांचूं लागलें म्हणजे भिंतींतील स्नायुपेशी मरतात, भिंत ठिसूळ होते व पुढें केव्हां तरी फुटते. या विकारास 'सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी' असें नांव आहे. कवटी न उघडतां, माणूस जिवंत असतांनाच हें प्रथिन पाहतां येईल काय, या प्रश्नाचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या इतिहासाचा आरंभ एका चुकीपासून होतो. १८५४ सालीं जर्मन रोगविज्ञानी रुडॉल्फ फिरखो यानें मेंदूंतील कांहीं सूक्ष्म कणांवर आयोडीनचा प्रयोग केला. आयोडीनमुळें पिष्ट निळें होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. या कणांवरही तशीच निळसर छटा आल्यामुळें हें द्रव्य पिष्टासारखें असावें असें त्यास वाटलें, आणि पिष्टवाचक लॅटिन शब्दावरून त्यानें त्यास 'अमायलॉइड' म्हटलें. पुढें पांचच वर्षांनीं, १८५९ सालीं, फ्रीड्राइख व केकुले या दोघांनीं अशा द्रव्याचें रासायनिक पृथक्करण करून त्यांत पिष्ट मुळींच नसून तें प्रथिनाच्या जातीचें आहे असें दाखविलें. परंतु नांव एकदां रूढ झालें, तें कायमचेंच.

दुसरा योगायोग कापडाच्या धंद्यांतला. एल्बरफेल्ड येथील बायर कंपनींत काम करणाऱ्या पाउल बोटिगर या रसायनज्ञानें १८८३ सालीं एक तांबडा रंग तयार केला. तुरटीसारख्या दुसऱ्या द्रव्याचें साहाय्य न घेतां सुतावर पक्का बसावा असा रंग तो शोधीत होता. मालकांनीं त्यांत रस दाखविला नाहीं, तेव्हां त्यानें स्वतःच्या नांवें हक्क नोंदवून ते बर्लिनच्या आग्फा कंपनीस विकले. त्याच सुमारास, १८८४-८५ मध्यें, बर्लिन येथें कोंगो प्रदेशाच्या वाटणीविषयीं युरोपीय राष्ट्रांची परिषद भरली होती. त्या गाजावाजाचा फायदा घेऊन रंगास 'कोंगो रेड' असें नांव मिळालें. आफ्रिकेशीं त्याचा याहून अधिक संबंध नाहीं.

हाच रंग अमायलॉइडलाही घट्ट चिकटतो, हें हान्स बेनहोल्ड यानें १९२२ सालीं दाखविलें. त्यानें तो रोग्याच्या शिरेंतून रक्तांत सोडला. शरीरांत अमायलॉइड असेल तर रंग रक्तांतून लवकर नाहींसा होतो, असें त्यास आढळलें. जिवंत माणसाच्या शरीरांतील हें द्रव्य रंगाच्या साहाय्यानें ओळखण्याची ही आरंभींची खटपट होय. पुढें १९२७ सालीं बेल्जममध्यें पाउल दिव्री यानें कोंगो रेडनें रंगविलेले मेंदूचे काप ध्रुवीभूत प्रकाशांत पाहिले, तों वार्धक्यांत तेथें आढळणाऱ्या गाठोळ्यांत अमायलॉइडची खूण पटली. १९०६ सालीं ट्युबिंगेन येथें आलोइस आल्त्सहायमर यानें आपल्या स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णेच्या मेंदूंत ज्या गाठोळ्यांचें वर्णन केलें होतें, त्याच जातीच्या या गाठोळ्या.

धमन्यांच्या वांट्यास मात्र हें लक्ष उशिरां आलें. १९०९ सालीं ओपनहाइम यानें व १९३८ सालीं शोल्त्स यानें धमन्यांतील विकृतीचें वर्णन केलें. १९५४ सालीं पांतेलाकिस यानें तिचें सविस्तर विवेचन करून हा विकार मेंदूच्या मागील भागांत अधिक आढळतो हें नमूद केलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे. आश्चर्य असें कीं, ज्या प्रथिनाची इतकी चर्चा झाली त्याची पहिली खरी ओळख गाठोळ्यांतून न पटतां धमन्यांतूनच पटली. १९८४ सालीं ग्लेनर व वाँग यांनीं सॅन डिएगो येथें मेंदूवरील आवरणांच्या रक्तवाहिन्यांतून तें प्रथिन वेगळें काढलें. हॉलंडमधील काटवाइक या मच्छीमारांच्या गांवीं कांहीं कुटुंबांत ऐन पन्नाशीच्या सुमारास पिढ्यान् पिढ्या मेंदूंत रक्तस्राव होत असे. त्याचें कारण याच प्रथिनाच्या जनुकांतील एक लहानसा फेरबदल आहे, असें १९९० सालीं ठरलें. विकाराचें मूळ तर सांपडलें. राहिलें होतें तें जिवंतपणीं पाहणें.

येथें किरणोत्सर्गी द्रव्यांचा प्रवेश होतो. १९२३ सालीं हेवेसी यानें किरणोत्सर्गी शिशाचा अत्यल्प अंश घेवड्याच्या जातीच्या रोपांस देऊन तो मुळापासून पानापर्यंत कसा जातो याचा माग काढला होता. माणसाच्या मेंदूंत तोच माग काढण्याची अडचण अशी कीं, रक्त व मेंदू यांच्यामध्यें पेशींचा एक दाट बांध असतो आणि कोंगो रेडसारखें विद्युद्भारित मोठें द्रव्य तो ओलांडूं शकत नाहीं. पिट्सबर्ग येथें क्लुंक व मॅथिस यांनीं आधीं कोंगो रेडच्या जातीचीं द्रव्यें पुष्कळ हाताळलीं. मग थायोफ्लेविन या दुसऱ्या रंगाकडे वळून त्याचा विद्युद्भार काढून टाकला व त्यास कार्बन-११ जोडला. हा कार्बन वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तो रुग्णालयाजवळच तयार करावा लागतो. त्यांतून निघणारा पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटतांच दोन किरण परस्परविरुद्ध दिशांस जातात, आणि भोंवतालच्या कड्यांतील यंत्रें त्यांवरून जागा ठरवितात. १४ फेब्रुवारी २००२ रोजीं स्वीडनमधील उप्साला येथें हें द्रव्य प्रथम मानवी मेंदूंत पाहिलें गेलें.

२००७ सालीं बोस्टन येथील संशोधकांनीं धमन्यांचा विकार असलेल्या, पण स्मृतिभ्रंश न झालेल्या रुग्णांवर त्याचा प्रयोग केला. त्यांच्याही मेंदूंत तें द्रव्य टिकून राहिलें, आणि प्रमाणानें मागील भागांत अधिक! पांतेलाकिसच्या सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणास जिवंत माणसाची साक्ष मिळाली. परंतु आनंदांत खोट होती. तें द्रव्य गाठोळीस चिकटतें तसेंच धमनीसही चिकटतें, आणि पडद्यावर दोहोंची चमक एकच. कांहीं निरोगी वृद्धांच्या मेंदूंतही गाठोळ्या असतात, म्हणून नुसत्या चमकेवरून धमनीचा विकार सिद्ध होत नाहीं.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. हृदयाची गति अनियमित असलेल्या वृद्धास रक्त पातळ ठेवण्याचें औषध द्यावें कीं न द्यावें, हें कित्येकदां धमन्या ठिसूळ आहेत कीं नाहींत यावर अवलंबून असतें. २०२३ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें लेकानेमॅबसारखें औषध मेंदूंतील हें प्रथिन काढून टाकतें. पण ज्यांच्या धमन्यांतच तें भरलेलें असतें, त्यांस सूज व रक्तस्राव यांचें भय अधिक. चुंबकीय चित्रणांत सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा दिसतात, व त्यांवरूनच वैद्य बहुधा निदान करितात. परंतु ती घर फोडल्यानंतरची खूण होय. चोर दारांत आला असतांना तो दिसावयास पाहिजे.

म्हणून आतां रसायनज्ञ उलट दिशेनें जाऊं लागले आहेत. २०११ सालीं सेंट लुई येथील संशोधकांनीं रेसोरुफिन या रंगाच्या जातीचीं द्रव्यें धमन्यांतील प्रथिनास अधिक पसंत करितात असें दाखविलें. इतरांनीं मुद्दाम मोठीं द्रव्यें बांधलीं, कीं तीं बांध ओलांडून गाठोळ्यांपर्यंत जाऊंच नयेत. कोंगो रेडचा जो दोष म्हणून टाकून दिला, तोच येथें गुण ठरूं पाहतो. मात्र यांतही एक पेंच आहे. प्रथिन सांचतें तें भिंतीच्या बाहेरील थरांत, म्हणजे बांधाच्या पलीकडेच. तेव्हां बांध शाबूत असेल तर असें द्रव्य तेथवर पोंचेलच असें नाहीं. त्यामुळें केवळ धमन्यांचेंच दर्शन घडविणारें द्रव्य अद्याप रुग्णालयांत रूढ झालेलें नाहीं.

पाऊणशें वर्षांपूर्वीं पांतेलाकिसच्या काळीं हा विकार प्रेताच्या मेंदूंत पाहावा लागे. आज त्याची चमक जिवंत मेंदूंत दिसते, पण ती नेमकी कोठली हें सांगतां येत नाहीं. द्रव्य कोणतें हें कळण्यास इतका काळ लागला. तें कोठें आहे हें कळणें बाकी आहे. ज्या घरीं वृद्धाच्या उशाशीं रक्त पातळ करण्याच्या औषधाची पुडी पडली आहे, तेथें या दुसऱ्या प्रश्नाचेंच उत्तर आधीं हवें आहे.