कार-९८के खरंच एवढी अचूक होती का? जुन्या स्नायपर रायफल्सचं गणित

बीजीएमआयमध्ये कार-९८केला ८एक्स स्कोप लावला की लांबच्या टेकडीवरचा प्लेअर एका गोळीत आडवा. दुसऱ्या महायुद्धात असं काही नव्हतं. जर्मनांनी याच रायफलवर मोठ्या संख्येने बसवलेला झेडएफ-४१ स्कोप फक्त १.५ पट मोठं दाखवायचा. सोव्हिएत मोसिन-नागांवरचा पीयू स्कोप ३.५ पट, ब्रिटिशांचा नंबर ३२ सुद्धा साधारण तेवढाच.

अचूकता मोजायचं एकक आहे एमओए, म्हणजे मिनिट ऑफ अँगल. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक. १०० मीटरवर १ एमओए म्हणजे साधारण २.९ सेंटीमीटर, ५०० मीटरवर १४.५. हा कोन आहे, त्यामुळे अंतर वाढलं की गोळ्यांचा पसारा त्याच प्रमाणात वाढतो.

आता ली-एनफिल्ड घ्या. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री याच घराण्यातली. ब्रिटिश तिच्या नंबर ४ मॉडेलमधल्या चांगला नेम देणाऱ्या रायफल्स वेगळ्या काढायचे आणि हॉलंड अँड हॉलंड कंपनी त्यांवर स्कोप बसवायची. पास व्हायची अट होती २०० यार्डांवर ५ इंचांचं वर्तुळ. गणित केलं तर सुमारे २.४ एमओए. म्हणजे निवडून काढलेल्या रायफलचाही पसारा ६०० यार्डांवर १५ इंच, जवळपास माणसाच्या खांद्यांच्या रुंदीएवढा. आजच्या स्नायपर रायफलकडून १ एमओए किंवा त्याहून कमी अपेक्षित असतं.

पण माझ्या मते खरी अडचण रायफलची नव्हती, अंतराच्या अंदाजाची होती. तेव्हा लेझर रेंजफाइंडर नव्हता. ५०० मीटर जाईपर्यंत .३०३ची गोळी सुमारे ३ मीटर खाली येते, आणि वेग कमी होत असल्यामुळे पुढे आणखी झपाट्याने पडते. स्कोप ५०० वर सेट केला आणि माणूस ६०० मीटरवर निघाला, तर गोळी साधारण एक मीटर खाली लागणार. तिथे रायफल २ एमओएची असो की अर्ध्याची, काय फरक पडतो? इनपुटच चुकीचा असेल तर कोड कितीही चांगला लिहा, आउटपुट चुकणारच. वारा तर मी अजून धरलेलाच नाही.

त्यात लाकडाचा त्रास. पावसात लाकडी दस्ता ओलावा शोषून फुगतो, नळीवर दाब देतो आणि नेम सरकतो. काल बरोबर असलेली रायफल आज बाजूला मारते. सैन्याला मिळणारी साधी काडतुसं एकसारखी नसायची, प्रत्येक गोळीचा वेग थोडा वेगळा. स्कोपच्या आत वाफ धरायची. शिवाय नळीच्या वर स्कोप बसला की क्लिपने ५ गोळ्या एकदम भरता यायच्या नाहीत, एकेक करून भराव्या लागायच्या. मोसिनचा तर बोल्टचा दांडाच वाकवावा लागला, नाहीतर तो स्कोपला अडायचा.

१९३९-४० च्या हिवाळी युद्धातला फिनलंडचा सिमो हायहा तर स्कोप वापरतच नव्हता, साध्या लोखंडी साइटवर नेम धरायचा. स्कोपसाठी डोकं जास्त वर काढावं लागतं, आणि काचेवर ऊन चमकलं की जागा कळते.

आता यूट्यूबवर कोणी शंभर वर्षं जुनी मोसिन घेऊन '१ एमओए!' म्हणालं, तर दोन गोष्टी बघा. काडतुसं कुठली? निवडक, आजच्या काळातली असतील तर ती टेस्ट युद्धातल्या रायफलची नाही. आणि गोळ्या किती झाडल्या? ३ गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. त्याच रायफलने सलग १० झाडल्या की वर्तुळ मोठं होतं, नळी तापलेली असेल तर आणखीच.