बासनावरील नांव आणि आंतील कागद

उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तीन तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत मोडत होते. राज्यपुनर्रचनेंत ते उस्मानाबादेस जोडले गेले आणि १९८२ सालीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हां त्यांत आले. नांदेडकडे उलट घडलें. त्या जिल्ह्यांतील मुधोळ, भैंसा, बिचकुंदा, जुक्कल हीं मंडळें १९५६ सालींच आंध्र प्रदेशांत गेलीं. गांवें जागचीं हललीं नाहींत. त्यांच्या कागदांचा धनी मात्र बदलत गेला. म्हणून या भागांतील जुना कागद शोधणाऱ्यास बासनावर लिहिलेल्या जिल्ह्याच्या नांवाचा भरंवसा धरतां येत नाहीं.

निजामी कारभारांत १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूनें घेतली. गांवच्या कुलकर्ण्याची मोडी मात्र चालूच राहिली. त्यामुळें एकाच बासनांत उर्दू मिसल, मोडी याद आणि इंग्रजी पत्र हीं शेजारीं शेजारीं निघावीं यांत नवल नाहीं. असें बासन पुढें आलें कीं जाणता दप्तरदार सबंध कागद वाचीत बसत नाहीं. तो मथळा, शिक्का आणि रकाने पाहतो. इनामाच्या चौकशीचा निर्णय सांगणारा मुंतखब निराळा, जमिनीचें क्षेत्र व आकार देणारें सेतवार निराळें. तारखेंत आजूर, दै, बहमन असे महिने दिसले कीं सन फसली आहे हें तो ओळखतो. फसली १३५७ म्हणजे इ.स. १९४७-४८.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं मराठवाड्यांतील कुणबी नोंदींच्या शोधार्थ समिति नेमली गेली, तेव्हां या ओळखीस एकदम मोल आलें. त्या वादाच्या न्यायान्यायांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु जातीचा रकाना कोणत्या तऱ्हेच्या कागदांत असतो हें ज्यास ठाऊक नाहीं, तो वर्षभर बस्ते उलटूनही रिकाम्या हातानें परतेल, आणि त्याच्या त्या रिकाम्या हातावर कोणाच्या तरी मुलाचा प्रवेश अडेल.

आतां अशा कागदांचीं छायाचित्रें संगणकांत सांठवितात. तेथेंही कप्प्यांत कप्पे आणि त्यांत 'नवीन', 'अंतिम', 'स्कॅन १' अशा नांवांच्या फाइली! नांवाचें शेपूट कोणीही बदलूं शकतो; बासनावरच्या चिठ्ठीहून त्याची योग्यता अधिक नाहीं. यावरचा उपाय मात्र जुना आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालींत १९७३ सालींच 'फाइल' नांवाची आज्ञा होती. आज सर्वत्र प्रचलित असलेली तिची मुक्त आवृत्ति कॅनडांतील इयान डार्विन यांनीं १९८६ च्या सुमारास लिहावयास घेतली. ही आज्ञा नांवाकडे ढुंकूनही न पाहतां फाइलीचे आरंभींचे बाइट वाचते. पीडीएफच्या आरंभीं तीं अक्षरेंच असतात. झिपच्या आरंभीं 'पीके' हीं तिचे जनक फिल कॅट्झ यांचीं आद्याक्षरें येतात. शिक्कामोर्तबाचाच हा प्रकार म्हणावयाचा.

'फाइंड' ही आज्ञा कप्प्याकप्प्यांतून हिंडते. तिला 'फाइल'ची जोड दिली म्हणजे चार ओळींची शेल स्क्रिप्ट हजारों फाइलींची जंत्री करून देते. मात्र नांवांतील मोकळ्या जागा अवतरणांत धरल्या नाहींत तर एका फाइलीच्या दोन होतात! स्क्रिप्टनें कांहीं बदलूं नये, केवळ लिहून ठेवावें. शेपूट आणि शिक्का यांचा मेळ बसत नाहीं अशा फाइली निराळ्या काढून माणसाच्या नजरेखालीं घालाव्या. वर्डचीं हल्लींचीं पत्रेंही आंतून झिपच असतात, तेव्हां 'पीके' दिसतांच निकाल देऊन चालत नाहीं.

साध्या मजकुरास तर शिक्काच नसतो. युनिकोड रुळण्यापूर्वीं, १९९० च्या दशकांत, मराठी मजकूर नानाविध टंकांत लिहिला जाई. त्यांतील पुष्कळ टंक रोमन अक्षरांच्याच जागा वापरीत. अशी फाइल पुढें आली कीं ही आज्ञा तिला बिनदिक्कत रोमन मजकूर ठरविते. आंत मराठी आहे हें तो टंक ओळखणारा मनुष्यच सांगूं शकतो, आणि तसे मनुष्य आतां मोडी वाचणाऱ्यांइतकेच विरळ होत चालले आहेत.