माफीचा साक्षीदार (चित्रपट)

माफीचा साक्षीदार : पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला मराठी गुन्हेगारीपट (१९८६). दिग्दर्शक राजदत्त. प्रमुख भूमिका नाना पाटेकर. अन्य भूमिकांत मोहन गोखले, अविनाश खर्शीकर इ.

आधारभूत घटना : जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत पुणे शहरात एकूण दहा खून झाले आणि ते सर्व टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयात शिकणाऱ्या, विशीच्या आगेमागे असलेल्या तरुणांच्या एका टोळीने केले, असे न्यायालयात सिद्ध झाले. पहिला बळी त्यांचाच एक सहाध्यायी होता. घरच्यांना उद्देशून त्याच्याकडून चिठ्ठी लिहवून घेण्यात आली, गळा आवळून त्याला मारण्यात आले आणि प्रेत पिंपात घालून, वर दगडांचा भार टाकून, सारसबागेलगतच्या पेशवे पार्कातील तळ्यात बुडविण्यात आले. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघे, १ डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील अभ्यंकरांच्या ‘स्मृती’ बंगल्यातील पाचजण, आणि २३ मार्च १९७७ रोजी दुसऱ्या एका सहाध्यायाचा भाऊ, असा पुढचा क्रम आहे. हे शेवटचे प्रेत लोखंडी शिडीला बांधून नदीत सोडले होते. ते दुसऱ्याच दिवशी वर आले आणि तपासाला धागा मिळाला.

जोशी व अभ्यंकर या दोन प्रकरणांच्या मधे, नोव्हेंबर महिन्यात, एक प्रयत्न फसला. आज मार्केट यार्डाची वर्दळ ज्या गुलटेकडी परिसरात आहे त्याच्या उत्तरेस असलेल्या शंकरशेट रस्त्यावरील एका बंगल्यात टोळी शिरली. परंतु घरातील बाई आणि दोन नोकर यांनी निकराचा प्रतिकार केल्यामुळे हल्लेखोरांना काटेरी तारांचे कुंपण ओलांडून पळ काढावा लागला. कथनाच्या ओघात ही घटना सहसा दोन ओळींत आटोपली जाते, आणि ते योग्य नाही. कारण हल्ला प्रत्यक्ष झेलून जिवंत राहिलेली माणसे मागे उरली ती याच एका ठिकाणी, आणि फौजदारी कायद्याच्या अभ्यासकाला अशा साक्षीदाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. चार-पाच तरुणांना सामान्य घरातील तिघे परतवून लावू शकतात, ही गोष्ट पुणेकरांच्या तेव्हाच्या भीतीत बुडून गेली. संध्याकाळनंतर रस्ते ओस पडत आणि ओळखीचा आवाज आल्याखेरीज कोणी कडी काढीत नसे. आणीबाणी अमलात होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, आणि खरी बातमी जेथे आखडते तेथे अफवा फैलावतात.

काशिनाथ वासुदेव अभ्यंकर : मृतांपैकी हे संस्कृत व्याकरणाचे नामांकित पंडित होते. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे हे पुत्र. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. वडिलांनी केलेल्या पातंजल महाभाष्याच्या मराठी भाषांतराचे संपादन केले. १९६१ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने त्यांचा संस्कृत व्याकरणाचा इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, आणि १९६७ मध्ये भांडारकर संस्थेने त्यांनी संपादित केलेला ‘परिभाषासंग्रह’. पाणिनीय परंपरेतील एखादी संज्ञा अडली म्हणजे अभ्यासकाचा हात आजही त्या कोशाकडे जातो. मृत्युसमयी त्यांचे वय ऐंशीच्या बरेच पुढे होते. सामान्य वाचकाला त्यांचे नाव एका खटल्याच्या शीर्षकातील अर्धा भाग म्हणूनच तेवढे माहीत असावे, हा कोशकाराच्या वाट्याला आलेला विशेष निष्ठुर न्याय होय.

खटला : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम कान्होजी जगताप व मुनव्वर हारुण शाह हे चार आरोपी. टोळीशी संबंध असलेला एक सहाध्यायी माफीचा साक्षीदार झाला. पुणे सत्र न्यायालयात मे १९७८ मध्ये सुनावणी सुरू होऊन २८ सप्टेंबर १९७८ रोजी चौघांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये विशेष अनुमतीचा अर्ज फेटाळला. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांनाही फाशी देण्यात आली.

शीर्षकाचा विषय : चित्रपटाचे नाव खुन्यावरून वा बळीवरून न ठेवता साक्षीदारावरून ठेवले गेले, ही त्यातील सर्वांत विचारार्ह गोष्ट आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३, हिच्या कलम ३०६ अन्वये (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४३) दंडाधिकारी सहअपराध्याला क्षमा देऊ करू शकतो. अट एवढीच की, त्याने स्वतःच्या सहभागासह सर्व हकीकत पूर्णपणे व खरेपणाने उघड करावी. तो आधीच जामिनावर नसेल तर खटल्याचा निकाल लागेपर्यंत त्याला अटकेतच राहावे लागते. त्याने काही दडविले अथवा खोटे सांगितले, तर सरकारी अभियोक्त्याच्या दाखल्यानंतर त्याच्यावर मूळ गुन्ह्यासाठी खटला चालू शकतो. म्हणजे ही माफी दान नसून करार आहे, आणि कराराचा भंग जिवावर बेतणारा आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या पुराव्याच्या कायद्यात तर एक जुने द्वंद्व होते : कलम १३३ म्हणत असे की केवळ सहअपराध्याच्या जबानीवर झालेली दोषसिद्धी बेकायदेशीर नव्हे, आणि कलम ११४ चे एक उदाहरण सांगत असे की महत्त्वाच्या बाबतीत पुष्टी मिळाल्याखेरीज असा साक्षीदार विश्वासास अपात्र मानावा. सरवणसिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५७) या निवाड्याने दुहेरी कसोटी घालून दिली : प्रथम साक्षीदार स्वतः विश्वसनीय वाटला पाहिजे, त्यानंतरच पुष्टीचा विचार करायचा. पिंप, दोरी, शिडी हा मुद्देमाल बोलत नाही, त्याची संगती कोणीतरी लावून द्यावी लागते. आणि ती लावणारा त्या कृत्याच्या सान्निध्यात वावरलेला असावा लागतो. त्याच्या मनात पश्चात्ताप किती व हिशेब किती, हा प्रश्न कायदा विचारीत नाही. तो विचारण्याची मुभा कलाकृतीला असते, आणि हा विषय मनोविश्लेषणाच्या कक्षेत येतो तो येथे.

शिक्षा झालेल्यांपैकी शाह याने कारागृहात ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन लिहिले. माफीच्या साक्षीदाराला एका हकीकतीच्या बदल्यात जीव मिळाला होता, शाहची ही दुसरी हकीकत जीव जाणार हे ठाऊक असताना लिहिली गेली. पहिलीची उलटतपासणी झाली, दुसरीची कधीच झाली नाही. टोळीत कोणाच्या शब्दाला किती वजन होते, याविषयी निर्णायक विधान करताना हा भेद ध्यानी घेणे इष्ट.

तुलना : पाश्चात्त्य चित्रपटांत तरुण गुन्हेगारांची जोडी हा रूढ विषय आहे. शिकागोच्या १९२४ मधील लिओपोल्ड-लोब प्रकरणावरून ‘कम्पल्शन’ (१९५९) निघाला, हिचकॉकच्या ‘रोप’ (१९४८) मागेही तेच प्रकरण आहे. नेब्रास्कातील स्टार्कवेदर व त्याची अल्पवयीन मैत्रीण फ्यूगेट यांच्या १९५८ मधील हत्यासत्रावर मॅलिकचा ‘बॅडलँड्स’ (१९७३) आधारलेला आहे. स्टार्कवेदरने फ्यूगेटविरुद्ध साक्ष दिली ती स्वतःला मृत्युदंड फर्मावला गेल्यानंतर, म्हणजे कोणत्याही माफीवाचून. महाराष्ट्रात अशा युगुलाचे उदाहरण मालाड येथील २००८ मधील खुनाचे. त्यावरून प्रेरित झालेला रामगोपाल वर्मांचा ‘नॉट अ लव्ह स्टोरी’ २०११ मध्ये, सत्र न्यायालयाच्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, प्रदर्शित झाला. जोडीच्या कथेत आसक्ती हे कारण हाताशी असते. पुण्याच्या प्रकरणात तसे काही नाही, आणि लूट हा हेतू दहा जिवांच्या मानाने तोकडा पडतो.

दिग्दर्शक : राजदत्त (मूळ नाव दत्तात्रय अंबादास मायाळू, ज. १९३२) हे राजा परांजपे यांचे शिष्य. ‘मधुचंद्र’ (१९६७), ‘अष्टविनायक’ (१९७९), ‘शापित’ (१९८२) हे त्यांचे अन्य चित्रपट. हुंडाबळीवरील ‘पुढचं पाऊल’ १९८६ चाच. पद्मभूषण, २०२४.

अन्य रूपांतर : अनुराग कश्यप यांचा हिंदी ‘पांच’ याच घटनांवरून स्फुरलेला, परीक्षण मंडळाच्या आक्षेपांत अडकल्यानंतर तो वर्षानुवर्षे चित्रपटगृहांपर्यंत पोचला नाही.