लिंकनची निवडणूक आणि मलकापूरची पऱ्हाटी

मलकापूरच्या कापसाचं नशीब ज्या निवडणुकीनं पालटलं, तिच्या मतदानाशी मलकापूरचा काडीचाही संबंध नव्हता. ६ नोव्हेंबर १८६० रोजी अमेरिकेत अध्यक्ष निवडला गेला. उमेदवार चार होते. डेमोक्रॅटिक पक्ष उत्तर आणि दक्षिण असा फुटला होता, म्हणून त्यातले दोन त्याचेच. रिपब्लिकन पक्षाच्या अब्राहम लिंकनना चाळीस टक्क्यांहून थोडी कमीच मतं पडली. दक्षिणेतल्या दहा राज्यांत तर त्यांना मत द्यायची सोयच नव्हती. तरी ते निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली. लँकेशायरच्या गिरण्यांचा सुमारे तीन-चतुर्थांश कापूस त्याच बंदरांतून यायचा. गिरण्या बंद पडू लागल्या आणि साहेबाला वऱ्हाड आठवला.

वऱ्हाड तेव्हा नुकताच त्याच्या हातात आला होता. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं तो १८५३ मध्ये इंग्रजांकडे सोपवला होता. काळी जमीन होती, कापूस होता, फक्त रस्ता नव्हता. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे भुसावळवरून मलकापुरात शिरली आणि १८६७ पर्यंत तिचे रूळ नागपूरला भिडले. बैलगाड्यांवर महिनोन्‌महिने घाटातून उतरणारा माल आता आगगाडीनं मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. मुंबईत भाव चढले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडिये राजे झाले, आणि वऱ्हाडातल्या वावरांत ज्वारीच्या जागी पऱ्हाटी उभी राहू लागली.

मग ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. १ जुलैला मुंबईचा शेअरबाजार कोसळला. भाव उतरले. रेल्वे मात्र राहिली, कापूसही राहिला, आणि भाव असताना काढलेलं कर्जही राहिलं.

मी मलकापुरात आयुष्यभर इतिहास शिकवला, आणि घरची कोरडवाहू शेती केली. त्यामुळे अमेरिकेच्या निवडणुकीकडे मी परक्याची करमणूक म्हणून कधी बघू शकलो नाही. आमच्या मालाच्या भावावर तिथल्या मतदाराचा हात आहे, आणि त्याला मलकापूर हे नावसुद्धा माहीत नाही. म्हणूनच तो मत कशासाठी देतो, हा माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न झाला.

शिकलेले लोक म्हणतात की मतदार खिसा बघून मत देतो. १८६० चा दाखला याच्या उलट आहे. दक्षिणेतल्या बहुसंख्य गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता. गुलामांच्या कष्टावर चालणारे मोठे कापूसमळे त्यांचे नव्हते. उलट त्या मळेवाल्यांनी चांगली जमीन बळकावली होती. हिशेबानं पाहिलं तर हा लहान शेतकरी मळेवाल्याच्या विरोधात जायला हवा होता. पण तो त्याच्या बाजूनं मत देऊन थांबला नाही, त्याच्यासाठी लढला आणि मेला. कारण गरीब असला तरी तो कोणाच्या तरी वर होता, आणि ते वरचं स्थान जाईल ही भीती त्याला भुकेपेक्षा मोठी वाटली.

पुढच्या शंभर वर्षांत पक्षांनी बाजू बदलल्या. लिंकनवरच्या रागानं दक्षिणेतला गोरा मतदार पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला चिकटून राहिला. काळ्या पुरुषांना १८७० च्या दुरुस्तीनं मताचा हक्क मिळाला खरा, पण दक्षिणेत मतदान-कर आणि अक्षरओळखीच्या परीक्षा लावून तो काढून घेतला गेला. परत मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला. डेमोक्रॅटिक अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६४ आणि १९६५ चे कायदे केले, आणि तोच दक्षिणेतला गोरा मतदार हळूहळू लिंकनच्या पक्षात दाखल झाला. मतदार होता तिथेच उभा होता. पक्षांच्या पाट्या त्याच्यासमोरून सरकल्या.

मलकापूरला हे नवल वाटायचं कारण नाही. आमच्या गावच्या मतदारानं तर जागेवरून न हलता राज्यं बदललेली आहेत. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत तो मध्य प्रदेशाचा मतदार होता, राजधानी नागपूर. १९५७ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात होता. १९६२ ला महाराष्ट्रात. जिल्हा बुलढाणा, प्रांत वऱ्हाड. पण २००८ च्या पुनर्रचनेनंतर लोकसभेसाठी मत रावेरला, म्हणजे खानदेशात. विधानसभेला पाणीपट्टीपासून पीकविम्यापर्यंत सगळं बुलढाण्याकडे बघून बोलायचं आणि खासदार निवडताना जामनेर-भुसावळकरांच्या रांगेत उभं राहायचं, याची आता सवय झाली आहे.

पण एक फरक मोठा आहे. अमेरिकेला स्त्रियांना देशभर मताचा हक्क द्यायला १९२० उजाडलं, काळ्या नागरिकांना तो खरोखर वापरता यायला १९६५. आमच्याकडे तो सगळ्यांना एकाच वेळी मिळाला. त्याआधी मात्र कापसाच्या बाजारातही आमच्या बापजाद्यांना मत नव्हतं. वऱ्हाडात बाजारपेठांवर नियंत्रण देशात सगळ्यात आधी आलं: कारंज्याला १८८६ मध्ये, आणि पुढे १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्यानं प्रांतभर. मापात पाप होऊ नये, अडत ठरलेलीच घ्यावी, असा त्याचा उद्देश. पण बाजार चालवणाऱ्या समित्यांवर व्यापारी होते आणि नगरपालिकेचे लोक होते. पिकवणाऱ्याला जागाच नव्हती. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगानं या उणिवेवर बोट ठेवलं. म्हणजे भाव लिव्हरपूलला ठरत होता, मोजमाप व्यापारी ठरवत होता, आणि शेतकऱ्याच्या हातात राहत होता तो फक्त गाडीचा कासरा.

१९५२ ला हे चित्र कागदावर तरी उलटलं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड, जनसंघाची पणती, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. हा हत्ती पुढे बाबासाहेबांच्या कल्पनेतल्या रिपब्लिकन पक्षाकडे आला, आणि अमेरिकेतल्या रिपब्लिकनांचंही चिन्ह हत्तीच. त्यांना तो १८७४ मध्ये थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकारानं चिकटवला होता. दोन्ही हत्तींचं नातं काही नाही. टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याला मात्र हे सांगितलं की तो हसतो आणि म्हणतो, "काका, इथला हत्ती तुमच्याकडच्या हत्तीच्या बाजूनं कधीच उभा राहणार नाही."

मलकापूरच्या मतदारानं मग काय केलं? कापूस पिकवला आणि मत दुसऱ्याच गोष्टीला दिलं. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. माल सरकारच्या केंद्रावरच घालायचा, प्रतवारी तिथेच, चुकारे हप्त्यांनी. नोव्हेंबर-डिसेंबरात केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत. माणसं गाडीखालीच झोपत. या योजनेला शिव्या न देणारा शेतकरी मी पाहिला नाही. तरी १९७७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली तेव्हा विदर्भानं बहुतेक जागा तिच्या आणि तिच्या मित्रांच्या पदरात टाकल्या. १९७८ ला काँग्रेस फुटली, इंदिरा गांधींनी नवा पक्ष आणि पंजा हे नवंकोरं चिन्ह घेतलं, आणि त्या चिन्हावर राज्यात आलेल्या ६२ आमदारांतले बहुतेक विदर्भातलेच होते. चुकारा थकलेला असताना मत इंदिराबाईंना. का? कारण मत देताना माणूस चुकाऱ्याची पावती घेऊन जात नाही. आपल्याला कोण माणसांत मोजतं, हे मनाशी घेऊन जातो.

माझ्या शेजारच्या वावरातले एक म्हातारे शेतकरी हे माझ्यापेक्षा नेमकं सांगायचे. "सर, मत येगळं अन् माल येगळा. मताले जात लागते, सोयरं लागते, बाईचं तोंड लागते. मालाले फकस्त भाव लागते." मी याच वाक्यावर कितीतरी वर्षं विचार करत आलो आहे.

मत आणि माल एकत्र आणण्याचा खरा प्रयत्न एकानंच केला, शरद जोशींनी. १९७९ मध्ये चाकणहून निघालेली शेतकरी संघटना वऱ्हाडात कापसावर उभी राहिली. १९८६ च्या आंदोलनात मराठवाड्यातल्या सुरेगावला गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. सभांना लाखांनी माणसं आली. बिल्ला लावलेला शेतकरी प्रत्येक एस.टी. स्टँडवर दिसायचा. पण १९९४ मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा तीच माणसं मतदानाच्या दिवशी आपापल्या जुन्या पक्षांत परत गेली. १९९५ ला आमच्या मतदारसंघानं तर कोणत्याच पक्षाला न देता अपक्ष चैनसुख संचेती यांना निवडलं. पुढे भाजपकडून ते २०१९ पर्यंत आमदार राहिले. २०१९ ला काँग्रेसचे राजेश एकडे आले, २०२४ ला पुन्हा संचेती. या सगळ्या उलथापालथीत कापूस हा मुद्दा भाषणात होता, निकालात नव्हता.

मग मी अमेरिकेकडे वळतो. माझा पुतण्या एकदा टेक्सासमधल्याच लबकच्या बाजूनं गाडीनं गेला आणि त्यानं फोटो पाठवले. क्षितिजापर्यंत कापूस, वेचणारं माणूस एकही नाही, आणि यंत्रानं गुंडाळलेले पिवळ्या-गुलाबी प्लास्टिकचे ढोल शेतात मांडलेले. टेक्सास हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं कापूसराज्य. मी विचारलं, हे लोक मत कोणाला देतात? "डोळे मिटून रिपब्लिकन," तो म्हणाला. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चीनशी करयुद्ध सुरू केलं, चीननं अमेरिकी कापसावर २५ टक्के जादा कर लावला, गिऱ्हाईक गेलं. तरी २०२० मध्ये लबक परगण्यातली साधारण दोन-तृतीयांश मतं ट्रम्पनाच. तिथलं मतही वेगळं आणि मालही वेगळा. चर्च, बंदूक, सीमेवरून येणारे लोक, वॉशिंग्टनच्या साहेबांबद्दलचा राग: मताची कारणं ही. आमच्या म्हाताऱ्याचं वाक्य त्यांना लागू पडतं.

फरक पुढे आहे. करयुद्धात नुकसान झालं म्हणून तिथल्या सरकारनं दोन वर्षांत शेतकऱ्यांना सुमारे २३ अब्ज डॉलर वाटले. हे ट्रम्पचंच औदार्य नव्हे. ऑक्सफॅम संस्थेनं २००२ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार अमेरिकेतल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना एका हंगामात ३.९ अब्ज डॉलर सरकारी मदत मिळाली. त्या पैशामुळे जगात भाव पडले, आणि त्याच वर्षांत विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्या रोजच्या झाल्या. कारण एवढंच नव्हतं, पण हेही होतं. ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेनं ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. अनुदानाचा २००२ चा कायदा रिपब्लिकन बुश यांच्या सहीचा, २०१४ चा डेमोक्रॅट ओबामांच्या, २०१८ चा पुन्हा रिपब्लिकनांचा. पक्ष आले-गेले, चुकारा थांबला नाही.

२५ हजार म्हणजे किती? आमच्या एका तालुक्यात त्याहून अधिक खातेदार निघतील. त्यांचं बळ संख्येत नाही. १९३८ पासून त्यांची नॅशनल कॉटन कौन्सिल आहे; तिच्यात पिकवणारा, जिनवाला, सरकीचं तेल काढणारा, गिरणीवाला आणि व्यापारी एकाच टेबलाला बसतात. भांडण आत करतात आणि सरकारपुढे एकच कागद ठेवतात. शिवाय तिथं प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर, मग राज्य लहान असो की मोठं. कापसाच्या राज्यांतला सिनेटर कोणत्याही पक्षाचा असो, तो कागद वाचल्याशिवाय त्याला चालत नाही. आमच्याकडे जिनवाला आणि शेतकरी एकमेकांकडे चोर म्हणून बघतात, आणि दोघंही मुंबईला वेगवेगळ्या गाडीनं जातात.

२०२४ चा नोव्हेंबर दोन्हीकडे सारखाच होता. ५ तारखेला अमेरिकेत मतदान, २० तारखेला आमच्याकडे; दोन्हीकडे कापूस शेतात. अमेरिकेनं १८४५ मध्येच मतदानाला नोव्हेंबरचा मंगळवार नेमला, सुगी आटोपलेली असावी म्हणून, असं सांगतात. आमच्या बायांनी वेचणीतून वेळ काढून मत दिलं. कोणी लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांना, कोणी समाजाला, कोणी कमळाला, कोणी पंज्याला. पुढच्या ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावर ५० टक्के कर लावला, आणि आपल्या सरकारनं गिरण्यांना दिलासा म्हणून आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं. म्हणजे ऐन वेचणीच्या तोंडावर बाहेरचा कापूस बिनकराचा आला. लांब धाग्याचा हमीभाव कागदावर क्विंटलला ८,११० रुपये होता. गिरणीमालकांची संघटना दिल्लीत पोचली होती. आमची कोण पोचली?

म्हणून मतदार शहाणा की वेडा, या वादात मला आता गोडी उरली नाही. लबकचा शेतकरी आणि मलकापूरचा शेतकरी दोघंही पोटाला विचारून मत देत नाहीत, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही; माणूस म्हणजे नुसतं पोट नव्हे. पण लबकचा शेतकरी मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या कौन्सिलची वर्गणी भरतो आणि जो निवडून आला त्याच्या दारात कागद घेऊन उभा राहतो. आम्ही मतदानाच्या दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्या मिरवणुकीत तरी असतो, नाहीतर हरलेल्याच्या सांत्वनाला. मत द्या कोणाला द्यायचं त्याला. मालाचं काम मात्र त्यानंतरच्या पाच वर्षांत करायचं असतं, आणि त्यासाठी जात, पक्ष, शेतकरी आणि जिनवाला यांना एका कागदावर सही करावी लागेल. शरद जोशींनी माणसं जमवली होती. तो कागद अजून कोणी लिहिलेला नाही.